हुक टाका

गुरु. २ जाने.

जीप आली. आली म्हणजे ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. सांगोल्याच्या बापूंची. डाळिंबाची बाग आहे त्यांची, तिथं टँकर ओढ्याच्या वाळूत रुतला की हीच जीप लावून काढतात. पासिंग कधीच संपलंय, रस्त्यावर यायचा प्रश्नच नाही. पुढचा बंपर म्हणजे चेपलेला डबा. बापूंना जाड प्लेटचा हवाय, पुढं ओढायला दोन हुक. लोखंड त्यांचं, हात आमच्या पोरांचे.

प्राचार्य सर एका मिनिटात हो म्हणाले. मला वाटलं पोरांना काम मिळावं म्हणून. कसलं काय. २६ जानेवारीला पाहुणे येणार आहेत, त्यांच्यापुढं काहीतरी मांडायचंय.

असो. पाच महिने झाले, वेल्डरची बॅच भंगार पट्ट्यांवर रेघा ओढतेय. आयटीआय आहे की चित्रकलेचा वर्ग, असं मी मीटिंगमध्ये विचारलं होतं, तेव्हा सगळे हसले होते. आता खरं काम आलंय. तिघं घेतली. रेश्मा: सांगोल्याकडचीच, घरी मेंढरं, हात अख्ख्या बॅचमध्ये सगळ्यांत स्थिर. ओंकार: वेळापूरचा, ताकद भरपूर, धीर नाही. बसवराज: अक्कलकोटचा, बोलतो कमी, पुटपुटतो जास्त, तेही कानडीत. बाकीच्यांची तोंडं पडली. पडू देत.

शनि. ४ जाने.

बापूंच्या मिस्त्रीचा फोन ओंकारनं घेतला. प्लेट दोन सुताची घ्या म्हणाला. ओंकारनं वहीत लिहिलं, २ मिमी. मी बघितलं म्हणून बरं. दोन सूत म्हणजे पाव इंच, सहा मिमी. दोन मिमीच्या पत्र्यानं टँकर राहू दे, शेरडू ओढलं जाणार नाही.

त्याचं म्हणणं, पुस्तकात सूत नाही. खरंय, नाही. मिमी शिकवायचं आणि बाहेरच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये सूत चालायचं. हे पुस्तक लिहिणाऱ्यांना एकदा लोखंड बाजारात उभं केलं पाहिजे. आमच्या घरी तर सूत म्हणजे मागावरचं, ते वेगळंच.

पुठ्ठ्याचा साचा कापला. बसवराजनं फ्रिजचं खोकं आणलं कुठूनतरी. विचारलं नाही कुठून.

बुध. ८ जाने.

आज डोकं फिरलं. मधल्या पट्टीला टाका मारा आणि मला बोलवा, एवढंच सांगून ऑफिसात गेले. टाका म्हणजे टाका. नखाएवढा, चार ठिकाणी, पट्टी जागेवर धरण्यापुरता. मग मी गुण्या लावून कोन बघणार, मग फुल वेल्डिंग. पहिल्या आठवड्यापासून हेच घोकतेय. परत येते तर ओंकारनं एका बाजूनं सगळं फुल मारलेलं. तापून प्लेट केळ्यासारखी वाकली.

म्हणे, "येळ वाचंल म्हटलं, मॅडम."

दोन दिवस गेले आता सरळ करण्यात. तिघांना ओळीत उभं केलं. मी टाका म्हटलं की टाका. त्याच्यापुढं एक इंच नाही. डोकं चालवायचं नाही, ते माझ्याकडं आहे. प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं. रेश्मानंही म्हटलं, तिची काही चूक नसताना. बसवराज कानडीत काहीतरी बोलला, ओंकार हसला, दोघांना बाहेर काढलं.

दारात प्रा. सर उभे होते. "शिस्त आहे बुवा तुमच्याकडं." बरं वाटलं. एरवी हा माणूस चांगला शब्द काढत नाही.

शुक्र. १० जाने.

प्लेट सरळ झाली. घण, जॅक आणि माझं तोंड. वीस मिमीच्या प्लेटमधून हुक कापून झाले. रेश्मानं कडा इतक्या घासल्यात की हाताला काही लागत नाही. कुणी सांगितलं नव्हतं तिला.

रॉड दमट. स्टोअरमधला रॉड वाळवायचा ओव्हन गेल्या पावसाळ्यापासून बंद, कॉइल जळालंय, माझे तीन अर्ज पडून आहेत. स्टोअरकीपर म्हणतो, "उन्हात घाला की मॅडम." पापड आहेत का ते? बापूंनाच नवं पाकीट आणायला सांगितलं. स्टोअरकीपरला बजावलं, जुना एकही रॉड पोरांच्या हातात द्यायचा नाही.

वर ऑर्डर आली. नातेपुत्याला प्रात्यक्षिक परीक्षा, मी परीक्षक. १६ ते २३. गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपली की लगेच. बंपर कोण बघणार विचारलं. प्रा. सर: "मुलं करतील. तुम्हीच तयार केलीत ना?"

फेब्रुवारीत पुण्याकडची एक कंपनी ॲप्रेंटिस घ्यायला पोरं बघणार आहे. इथून पाच नावं पाठवायची. पहिलं नाव रेश्माचं, मी आजच सांगून ठेवलं. तिला म्हटलं तर म्हणाली, "लागलं तर लई बरं हुईल मॅडम. न्हायतर बा म्हणत्यात, परीक्षा झाली की मेंढरांसंगं चल." ही पोरगी मेंढरांमागं गेली तर मी या नोकरीत कशाला आहे?

मंगळ. १४ जाने.

अत्तम्मांना गड्ड्यावर नेलं. आकाशपाळण्यात बसायचा त्यांचा हट्ट. मी आधी खालून जोड बघितले. एका ठिकाणी बोट जाईल एवढी फट, वरून चंदेरी रंग. बसू दिलं नाही. पाळणेवाल्याशी भांडले. तो म्हणतो, "धा वर्सं फिरतोय ह्यो पाळणा, कोण पडलं न्हाय अजून." अजून.

अत्तम्मा तेलुगूत म्हणाल्या, मी सून आणली होती, इन्स्पेक्टर कुठून आली घरात.

गुरु. १६ जाने. नातेपुते

आठ मशीनपैकी दोन चालू. पोरं बावीस. हेल्मेट चार, त्यातल्या एकाची काच तडकलेली. याला परीक्षा म्हणतात. इथले निदेशक चहा सांगायला म्हणून गेले ते जेवूनच आले.

सकाळी बसमधून आमच्या तिघांच्या ग्रुपवर लिहिलं होतं: ब्रॅकेट फुल करा. हुक टाका. मग रंगाला द्या. काल प्रा. सरांचे दोन फोन, पेंटर शनिवारी येतोय, तेवढं उरकायला सांगा म्हणून.

अकराला रेश्माचा फोन. कापला. परत आला. कापला. तिसऱ्यांदा उचलला. समोर एक पोरगं वेल्डिंग करतंय, केबलमधून धूर निघतोय, आणि ही, "मॅडम, हुकाला नुसता..." पुढचं ऐकलंच नाही. लिहिलंय ना टाका म्हणून, वाचता येत नाही का तुला, नातेपुत्याहून येऊन हात धरू का आता. "व्हय मॅडम" म्हणाली. मी ठेवून दिला.

जरा जास्त बोलले. पण तीन-तीन फोन कशाला करायचे माणसानं?

मंगळ. २१ जाने. नातेपुते

बसवराजनं फोटो पाठवला. बंपर काळा कुळकुळीत, लग्नातल्या बुटासारखा चकाकतोय. मी मॅट रंग सांगितला होता. माळावर पहिल्या दिवशी ओरखडे पडणार. पण पाहुणे माळावर थोडेच जाणार आहेत.

इथं अजून दोन दिवस. सहाजणांना नापास केलं. निदेशक म्हणाले, जरा सांभाळून घ्या मॅडम. चार हेल्मेटात मी कुणाकुणाला सांभाळू?

शुक्र. २४ जाने.

परत आले. थेट शेडमध्ये. बंपरवर सोनेरी रेडियमनं 'संकल्पना व मार्गदर्शन' आणि खाली प्रा. सरांचं नाव. पोरांची नावं नाहीत. माझंही नाही, पण माझं सोडा. हा माणूस वेल्डिंगचा मास्क उलटा धरतो.

कुठंही जोड दिसत नाही. रफिक पेंटरनं सगळीकडं लांबी भरून, घासून, सपाट करून ठेवलंय. जोड चांगला दिसावा म्हणून महिनोन्‌महिने हात घोटून घेतले, आणि त्याच्यावर पुट्टी. पोरांनी अभिमान कशाचा बाळगायचा, लांबीचा? रफिकभाईंना विचारलं. "साहब बोले एकदम प्लेन होना."

म्हटलं, साखळी लावून मागच्या लिंबाला बांधू, एकदा ओढून बघू. प्रा. सर म्हणाले, "रंग जाईल मॅडम. परवा पाहुणे आहेत." ओढायची वस्तू ओढून बघायची नाही, कारण रंग जाईल. अर्धा तास वाद घातला. शेवटी मीच दमले.

रेश्माला विचारलं, हुक झाले ना नीट? "झाले मॅडम." मग तिथंच उभी राहिली. काय गं? "काय न्हाय." मला परीक्षेचे कागद ऑफिसात द्यायचे होते, पाच वाजत आले होते.

रवि. २६ जाने.

झेंडा, भाषणं, लाडू. पाहुण्यांनी बंपरवर हात फिरवला आणि विचारलं, कुठल्या कंपनीचा? प्रा. सर हसून म्हणाले, "आमच्याकडंच बनवला." आमच्याकडं. तिघं मागं खुर्च्या उचलत होती. मी पुढं जाऊन म्हटलं, साहेब, या तिघांनी बनवला. पाहुणे "वा वा" म्हणाले आणि गाडीत बसले.

नारळ बापूंनी फोडला. बंपरवर नाही, बाजूच्या दगडावर. रंग जाईल म्हणून प्रा. सरांनीच दगड दाखवला. जाताना बापूंनी रेश्माच्या हातावर पेढा ठेवला. "आमच्याकडचीच पोर हाय." ती खाली बघत होती. मला वाटलं लाजली.

गुरु. ६ फेब्रु.

दुपारी बापूंचा फोन. ओढ्यात टँकर रुतला, ट्रॅक्टरसकट. जीप समोर लावली, साखळी हुकात घातली, मागं ओढ दिली. डावा हुक मुळातून उपटला आणि साखळीसकट उडून ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरवर नामा ड्रायव्हर. हात आडवा घातला म्हणून तोंड वाचलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं.

बापू ओरडलेही नाहीत. "मॅडम, असं कसं वं झालं?" एवढंच दोनदा म्हणाले.

रेश्माचा जोड असा सुटणं शक्य नाही. स्टोअरनं जुने दमट रॉड दिले असणार. बजावलं होतं मी. आता सोडत नाही त्या माणसाला.

प्रा. सरांना सांगितलं. पहिला प्रश्न: "रेडियमवर माझं नाव अजून आहे का?" नामाचं नाव त्यांनी विचारलं नाही. मी दोनदा सांगितलं तरी 'तो ड्रायव्हर'च म्हणत होते.

शुक्र. ७ फेब्रु.

रजा टाकून सांगोल्याला गेले. बापूंनी हुक पोत्यात ठेवला होता. हातात घेतला.

चार टाके. फक्त चार. नखाएवढे, सारख्या अंतरावर, स्वच्छ, अगदी मी शिकवते तसे. मधल्या सगळ्या फटीत लांबी, तिचा भुगा पोत्यात पडलेला. दुसऱ्या हुकाचा रंग चावीनं खरवडला. तिथंही तेच. रॉड नवेच होते, टाक्यांवरून कळतं. स्टोअरकीपरला मी उगाच शिव्या घातल्या, निदान यावेळी उगाच.

रफिकभाईंना तिथूनच फोन. "मेरेकू क्या मालूम मॅडम. गॅप दिख्या, लांबी भर दिया. मैं समझा ऐसाच रहता." ऐसाच रहता म्हणे.

नामाला भेटायला दारापर्यंत गेले. आत त्याची बायको त्याला भरवत होती. उजवा हात. मी बाहेरूनच परत फिरले.

एसटीत सगळा वेळ रेश्मावर चिडत होते. सगळ्यांत जास्त भरवसा जिच्यावर, तिनं ओढायचा हुक टाक्यांवर सोडला आणि वर मला सांगितलं, झाले मॅडम. तोंडावर सांगितलं.

शनि. ८ फेब्रु.

शेडमध्ये तिघांना बोलावलं. हुक टेबलावर आपटला. हे काय आहे? रेश्मा म्हणाली, "टाके." ओढायच्या हुकाला टाके? मग फुल कोण करणार होतं, तुझा बा? हे बोलायला नको होतं.

बसवराज पुढं आला. कधी तोंड न उघडणारा. "मॅडम, तुम्हीच सांगितला होता की. टाका म्हणून." मोबाईल काढून माझ्यासमोर धरला.

ब्रॅकेट फुल करा. हुक टाका. मग रंगाला द्या.

चारदा वाचलं. मला म्हणायचं होतं, हुक टाका. बसवा, लावा, काम संपवा. भाजीत मीठ टाका म्हणतो तसं टाका. पण ब्रॅकेटपुढं मी 'फुल' लिहिलंय आणि हुकापुढं 'टाका'. बाहेर टाका या शब्दाचे पन्नास अर्थ असतील. या शेडमध्ये एकच आहे, आणि तो मीच ओळीत उभं करून म्हणवून घेतलाय.

बरं म्हटलं. बाहेर आले. नळावर तोंड धुतलं आणि तशीच घरी आले, पर्स शेडमध्येच राहिली. ओंकारनं आणून दिली.

रवि. ९ फेब्रु.

पण एवढं कळू नये? पाच महिने शिकतायत. रुतलेला ट्रॅक्टर, भरलेला टँकर, त्याची ओढ चार टाक्यांवर? त्या ओंकारला अर्धा दिवस वाचवायची अक्कल सुचते, ही का सुचू नये? आणि रफिकभाई, एवढी वर्षं गाड्या रंगवतात, बोट जाईल एवढी फट दिसल्यावर कुणाला विचारायचं नाही? आणि त्या लिंबाला बांधून ओढून बघितलं असतं तर चोवीस तारखेलाच समजलं असतं, पण रंग, रंग, रंग.

सकाळपासून हेच चाललंय डोक्यात. त्यांनी विचारायला नको होतं का? मग आठवलं की विचारलं होतं. तीन फोन.

अत्तम्मा जेवताना म्हणाल्या, तू चिडलेली असलीस की मी माझ्या गोळीची वेळपण विचारत नाही, अंदाजानं घेते. ऐकून आधी मला रागच आला. बीपीची गोळी अंदाजानं घेतात का कधी?

सोम. १० फेब्रु.

प्रा. सरांनी बोलावलं, दार लावून घेतलं. जॉब कार्डवर हुकासमोर रेश्माची सही. मसुदा टाइप करून तयार: 'प्रशिक्षणार्थीच्या निष्काळजीपणामुळे सदर घटना घडली.' मी फक्त खाली सही करायची. "तुम्ही परीक्षा ड्यूटीवर होता. तुमच्यावर काही येत नाही. मुलगी आहे, समजून घेऊ, कारवाई नको. फक्त यादीतून नाव कमी करू." यादी शुक्रवारी जाणार. नाव कमी करू म्हणाले, पण समोरच्या कागदावर मला चारच नावं दिसली.

समजून घेऊ! काय समजून घेतलंय यांनी?

मेसेजचं सांगितलं. ते म्हणाले, "कुणी बघितलाय? तिनं तर मला दाखवला नाही." तेव्हा कळलं की शुक्रवारी, मी सांगोल्याला होते तेव्हा, यांनी तिला तासभर इथं उभं केलं होतं. कुणी सांगितलं होतं हुक असा करायला, असं विचारत. मोबाईल तिच्या खिशात होता. तिनं काढला नाही.

मसुद्यावर सही केली नाही. फाडलाही नाही. पर्समध्ये आहे, आत्ता लिहितानाही दिसतोय. ही वही माझी आहे, हिच्यात खोटं लिहून काय करू? सही केली तर कुणाला काही कळणार नाही, हा विचार आला होता. जिना उतरेपर्यंत होता.

मंगळ. ११ फेब्रु.

माझा खुलासा लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं, 'गैरसमज झाला.' कुणाचा? खोडलं. मग 'संदिग्ध सूचना दिली गेली.' दिली गेली. सरकारी मराठीत कुणीच काही करत नाही, सगळं आपोआप केलं जातं. बावीस वर्षं मी अशीच वाक्यं लिहितेय, ओव्हनचे तिन्ही अर्जही असेच. खोडलं. 'मी दिलेल्या सूचनेतील टाका या शब्दाचा अर्थ मीच शिकवल्याप्रमाणे घेण्यात आला.' 'घेण्यात आला'पण खोडलं. 'मुलांनी घेतला.'

भीती वाटते. चौकशी लागेल, कदाचित निलंबन. अत्तम्मांना काय सांगू? नवऱ्याला सांगितलं. ते म्हणाले, लिही, बघू. टॉवेलचा कारखाना बंद पडला तेव्हाही ते असंच म्हणाले होते.

बापूंचा फोन. जीप उद्या पाठवतायत. नवे हुक हवेत. मी म्हटलं, कुणाकडून करून घेऊ? "त्याच पोरीकडनं. पर ह्या बारीला वडून बघितल्याशिवाय न्हेणार न्हाय." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, फोनवर आहे म्हणून बरं.

बुध. १२ फेब्रु.

रेश्माला खुलासा वाचायला दिला. म्हटलं, यात तुझी काहीच चूक नाही असं लिहिलंय. तिनं सावकाश वाचला. मग म्हणाली, "हे खोटं हाय, मॅडम."

काय खोटं?

"मला कळलं न्हाय असं लिवलंय. मला कळलं हुतं. टाक्यावर हुक कसा ऱ्हाईल? मेंढराचा खुटा बी कुणी असा ठोकत न्हाय."

मग फुल का नाही केलंस? "तुमी टाका म्हणला हुता." मला वाटलं संपलं. तिनं कागदाची घडी घातली, उलगडली. "फोन केला की. तुमी वराडला. परत इचारायचं भ्या वाटलं." आणि मी आल्यावर? "सांगणार हुते. तुमी घाईत हुता."

राग आला. का येऊ नये? हिला माहीत होतं, ही गप्प बसली, आणि एका माणसाचा हात मोडला. तोंडापर्यंत आलं होतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, कधी फुटतंय याची वाट बघत, जरा मागं सरकून. ती मागं सरकली ते मी बघितलं. याआधी किती वेळा सरकली असेल, मी बघितलं नव्हतं.

म्हटलं, हेपण लिहू का? तुझ्यावरही येईल. "लिवा. खरं हाय की."

जाता जाता कळलं, रविवारी ती एकटीच नामाच्या घरी जाऊन आली. सगळं सांगून आली. काय म्हणाला? "काय न्हाय. भाकरी खाऊन जा म्हणला." मी मात्र दारातून परत आलेय.

गुरु. १३ फेब्रु.

सकाळी मसुदा फाडला. खुलाशात एक वाक्य वाढवलं: 'हुक पूर्ण वेल्ड केलेला नाही हे प्रशिक्षणार्थीच्या लक्षात आले होते, परंतु मी तिच्यावर ओरडल्यामुळे ती मला पुन्हा विचारण्यास घाबरली.' कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर.

प्रा. सरांनी दोनदा वाचला. मेसेजचं सगळं मान्य, त्यावर काही नाही म्हणाले. बोट त्या वाक्यावर. "हे काढा. घाबरली काय? चौकशीला तांत्रिक कारण लागतं." म्हटलं, हेच तांत्रिक कारण आहे. "उद्या कुणीही म्हणेल, इथं मुली घाबरतात. संस्थेचं नाव आहे मॅडम." संस्थेचं नाव. सव्वीस तारखेला बंपरवर होतं ते कुणाचं नाव होतं? मी हे बोलले, आणि मोठ्यानं बोलले. बाहेर क्लार्कनं टायपिंग थांबवलं. माझा स्वभाव काही आठवड्यात जाणार नाही.

वाक्य काढलं नाही. त्यांनी कागद घेतला नाही आणि परतही दिला नाही. टेबलावर पेपरवेटखाली आहे, आवक नंबर नाही. रेश्माच्या नावाचं विचारलं. "उद्या बघू." यादी उद्या अकराला मेलनं जाते.

चारला शेडमध्ये गेले. जीप आलीय. जुने हुक काढून, लांबी खरवडून, ओंकार आणि बसवराजनं जागा साफ करून ठेवली होती. नवे हुक रेश्मानं कापलेत. मी म्हटलं, कर. बाकी काही सांगितलं नाही, मुद्दामच. तिनं हुक बसवला, गुण्या लावला, मास्क खाली घेतला. एक टाका. दुसरा. तिसरा. चौथा.

आणि थांबली. रॉड हातात तसाच. मी काही सांगेन म्हणून ती थांबली होती, ती विचारेल म्हणून मी. ओंकार एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होता. पाचची घंटा झाली तरी तिनं मास्क वर केला नव्हता.